हाजिया लराईची नवी पुस्तकं

१२ जानेवारी, सोमवार

तिसरं प्रकरण परत आलं. लाल शाई कमीच — पण जी आहे ती नेमकी वर्मावर. माझे मार्गदर्शक मालम तुकुर यांनी समासात लिहिलंय : ‘हे सगळं ठीक. पण बाई बदलली का?’

बदलली का म्हणे! त्याच्यावरच तर माझा अख्खा प्रबंध उभा आहे. हाजिया लराईची सुरुवातीची पुस्तकं आणि गेल्या काही वर्षांतली पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की कोंदट खोलीची खिडकी कुणीतरी उघडल्यासारखं वाटतं. आधीची वाक्यं लांबलचक, अदबीनं चालणारी. नंतरची तोडून बोलणारी. आधीच्या सगळ्या नायिका शेवटी डोळे पुसून नवऱ्याच्या घरी परततात. नंतरच्या — नाही. चौथ्या प्रकरणात हेच मांडायचंय. पण ती अशी का बदलली, हे काही पुस्तकात सापडत नाही.

मालम म्हणाले, “बाई जिवंत आहे ना? इथंच कानोत राहते ना? मग जाऊन विचार.”

“त्या कुणाला भेटत नाहीत, मालम.”

“तू गेली होतीस?”

मी पानं गोळा करायला लागले.

विभागात तसेही सगळे हसतातच. जुने मान्यवर ग्रंथ सोडून ही बाजारात गाळ्यावर विकली जाणारी, बायकांनी बायकांसाठी लिहिलेली पुस्तकं घेऊन बसली! मालम बूबा तर व्हरांड्यात गाठून विचारतात, “काय झुवैरा, चुलीपुढचं साहित्य शिजलं का?” आणि निवड समितीवर तेच! चौथं प्रकरण जमलं तर विभागात कनिष्ठ अध्यापकाची जागा मला मिळू शकते, असं मालम तुकुरनी स्पष्ट सांगितलंय. नाही जमलं तर वुदीलला घरी. मग अम्मा आहे आणि तिनं बघून ठेवलेली स्थळं आहेत.

१४ जानेवारी

घास उतरत नाही. माझ्या खोलीत राहणाऱ्या हन्नेचं आणि माझं जेवण एकाच ताटात असतं. ती म्हणाली, “परीक्षा तुझी आणि मला एकटीला एवढा तुवोचा उंडा संपवायची शिक्षा!”

१९ जानेवारी, सोमवार

घर सापडलं. सबोन गारीच्या बाजारातल्या पुस्तकवाल्यानं पत्ता दिला — याकासाईत, मशिदीमागच्या बोळात. निघताना दोनदा परत फिरले. धुळीचा वारा एवढा की समोरचा माणूस दिसत नव्हता. तेच बरं वाटलं. मलाही कुणी बघत नव्हतं.

दार हाजियांच्या मुलीनं उघडलं. तबावा तिचं नाव. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, हाताला पीठ लागलेलं. पूर्वी कत्सिनाला दिली होती. नवरा गेल्यावर मुलांना घेऊन आईकडे आली. मी विद्यापीठाचं नाव घेतलं तसं तिनं दार अर्धं लोटलं.

“आई कुणाला भेटत नाही.”

“ताई, मी त्यांच्या पुस्तकांवर प्रबंध लिहितेय. चार प्रश्न फक्त —”

“प्रबंध?” तिनं हात थांबवला. “या पुस्तकांवर? विद्यापीठात?”

“हो.”

ती माझ्याकडे नुसतीच बघत राहिली. थट्टा करतेय का, हे ताडत असावी. मग म्हणाली, “शनिवारी सकाळी ये. सकाळचं तिचं डोकं साफ असतं. पण प्रश्न विचारायचे नाहीत. तिला आठवत नाही, मग ती चिडते, मग रडते. हवं तर वाचून दाखव.”

हाजियांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. बाहेर कुणालाच ठाऊक नाही! मी विचारलं, मग नवी पुस्तकं? गेल्या वर्षीसुद्धा आलं होतं की!

“सकाळी सांगते ती. मी उतरवून घेते.” तबावाताई पटकन बोलली. आत गेलीही.

परत येताना रिक्षात एकच विचार. प्रश्न विचारायचे नाहीत तर मालमना मुलाखत कुठून दाखवू?

२४ जानेवारी, शनिवार

गेले. हाजिया चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावा हात मांडीवर निपचित. पण डोळे! मला वाटलं, माझ्या आतलं सगळं वाचून झालं त्यांचं.

“मेंदीवाली का गं तू?”

“नाही हाजिया, मी झुवैरा. विद्यापीठातली.”

“बरं. मेंदी चांगली काढ. मागच्या वेळी बोटांवर पसरली होती.”

तबावाताई हसली नाही. मीही नाही. ‘शुक्रवारची मेंदी’ उघडलं — त्यांचं पहिलं पुस्तक, वीस वर्षांपूर्वीचं. वाचायला लागले. दोन पानं झाली नाहीत तोच हाजियांनी डोळे मिटले आणि माझ्या आधी म्हणायला सुरुवात केली — “आणि सूर्य जसा नववधूसारखा लाजत लाजत कासवाच्या चालीनं...” शब्द न् शब्द! मी वाचायचं थांबवलं, त्या पुढे म्हणतच राहिल्या. मग एकदम तोंड वाकडं करून म्हणाल्या, “किती लांबलंय हे. कुणी सांगितलं नाही का मला?”

मला हसू आवरेना. मग लगेच भीती वाटली — हे प्रबंधात कसं लिहायचं? ‘लेखिकेचं मत : फार लांबलंय’?

उठताना त्यांनी तिसऱ्यांदा माझं नाव विचारलं.

२७ जानेवारी

मालमना सांगितलं, भेट झाली. त्यांचा चेहरा उजळला. “ध्वनिमुद्रण केलंस?” मी म्हटलं, पुढच्या वेळी. जीभ अशी अडखळली की त्यांना कळलंच असणार. नाही कळलं. उलट म्हणाले, विभागात या विषयावर आजवर असं काम झालेलं नाही!

कौतुकानं आणखीच घाबरायला होतं.

३१ जानेवारी, शनिवार

आज तबावाताईनं स्वतःहून पुस्तक हातात ठेवलं — ‘तिसऱ्या घराची किल्ली’. नव्यांतलं सगळ्यात चांगलं. म्हणाली, “हे वाच तिला. अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही.” आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दार लावलं नाही, नुसता पडदा सोडला.

वाचलं. पहिल्या ओळीलाच हाजिया सरळ बसल्या. नायिकेचा नवरा तिसरं लग्न करून येतो आणि ती किल्ल्यांचा जुडगा त्याच्यासमोर विहिरीत टाकते, तिथं त्या मोठ्यानं हसल्या! सासू भांडायला येते तिथं म्हणाल्या, “हिला ओळखते मी. अशीच होती आमच्या गल्लीत.” आणि नायिका परत जाईल का नाही, या जागी त्यांनी माझं मनगट धरलं.

“जाते का गं परत?”

“नाही जात, हाजिया.”

“नाही?” त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाल्या, “माझ्या सगळ्या परत गेल्या. मला दुसरं काही सुचायचंच नाही. ही कोण लिहिणारी?”

“तुम्हीच, हाजिया.”

“चल! मी कशाला?” मग आवाज चढवून, अंगणापलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “ही बाई माझ्यापेक्षा चांगली लिहिते!”

आत काहीतरी पडलं. पत्र्याचं भांडं असावं.

मी कप धुवायला आत गेले. तबावाताई भिंतीकडे तोंड करून उभी. वळली तेव्हा डोळे लाल.

“काय झालं ताई?”

“काही नाही. डोळ्यांत धूर गेला.”

मी कप धुतला, परत ठेवला. निघाले. रिक्षात बसल्यावर जाणवलं — चूल थंड होती. राख कालची. कोळसासुद्धा घातलेला नव्हता.

१ फेब्रुवारी, रविवार



चौथ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा काढला. माझंच वाक्य : ‘उत्तरार्धातील पुस्तकांत लेखिकेची पात्रे कधीच रडत नाहीत, त्यांच्या “डोळ्यांत धूर जातो” — मग तिथे चूल असो वा नसो. पूर्वार्धात हा प्रयोग एकदाही आढळत नाही.’ मी किती खूश झाले होते हे शोधून काढल्यावर! हन्नेला कोसाईची गरम भजी खाऊ घातली होती त्या आनंदात.

सगळं पुन्हा तपासलं. तोडलेली वाक्यं. विधवा झालेल्या तरुण बायका. कत्सिनाकडची खेडी, तिकडच्या विहिरी, तिकडचे टोमणे — हाजिया उभ्या जन्मात कानोबाहेर राहिलेल्या नाहीत! ‘शुक्रवारची मेंदी’ त्यांना तोंडपाठ आणि ‘किल्ली’ त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. विसरल्या नव्हत्या. त्यांचं नव्हतंच ते.

बाई बदलली का, असं मालमनी विचारलं होतं. हो मालम, बदलली. बाईच बदलली!

आता मी काय करू?

३ फेब्रुवारी

हन्ने : “तुझं काहीतरी बिनसलंय. कुणाच्या प्रेमात पडलीस का?” मी म्हटलं, नाही. “मग आजारी आहेस. दोन्हींत तू जेवत नाहीस.” तिच्या उशीखाली ‘किल्ली’च आहे. अर्ध्याहून जास्त वाचून झालंय तिचं. हाजिया लराईवर जीव टाकते ती. तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

हाजियांना बरं नव्हतं, झोपल्या होत्या. तबावाताईनं दुधात कालवलेला बाजरीचा फुरा दिला. वाटी हातात धरून मी म्हटलं, “ताई, चूल पेटलेली नव्हती.”

तिला लगेच कळलं. खाली बसली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“झटका आला त्या वर्षापासून. एक पुस्तक अर्धं राहिलं होतं. छापणारा दारात येऊन बसायचा. मी पुरं केलं. कुणाला कळलं नाही. मग दुसरं केलं.” हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. “आईलाही सांगितलं नाही. तिला वाटेल, माझं नावसुद्धा काढून घेतलं पोरीनं.”

“पण ताई, तुमच्या नावानं —”

“माझं नाव कोण विकत घेणार? आणि या घरात खातो कोण, ते बघितलंस ना? मुलं, आई, तिची औषधं. शिवाय...” ती थांबली. “बायका अजून येतात. दारात उभ्या राहून ओरडतात, हाजिया, नवीन वाचलं, रडवलंत! तेवढ्यापुरती ती उठून बसते. पुस्तकं थांबली की म्हणतील, लराई संपली. ती ऐकेल ना ते.”

मी वाटीतला फुरा ढवळत राहिले.

“तू लिहिणार हे?”

“माहीत नाही.”

“लिहून काय मिळेल तुला?”

“नोकरी.”

तिनं मान हलवली. रागावली नाही — रागावली असती तर बरं झालं असतं! उलट मी चपला घालत होते तेव्हा दाराशी आली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “एक सांग. खरंच कळलं तुला नुसतं वाचून? माझं वाक्य वेगळं आहे?”

“हो ताई. लांबून ओळखू येतं.”

तिचा चेहरा असा फुलला! परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखा. आणि मला रस्त्यात बसून रडावंसं वाटलं.

११ फेब्रुवारी

तीन वाटा. खरं लिहायचं — मी गाजेन, ते घर बसेल. खोटं लिहायचं — लेखिका ‘विकसित’ झाली, असं. मालमना तेच हवंय, बाहेरच्या परीक्षकांनाही आवडेल. फक्त मला माहीत असेल की मी अभ्यासाच्या नावाखाली थाप मारली. किंवा चौथं प्रकरण काढून टाकायचं. मग प्रबंधात उरतं काय? हातपाय नसलेलं धड.

अम्माचा फोन. “तुझं ते पुस्तक संपलं का?” “संपत आलं.” “आवाज का असा?” “धूळ आहे अम्मा, वारा.”

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मालम तुकुर आज फार आनंदात. चौथ्या प्रकरणाचा जुना खर्डा त्यांनी मालम बूबांना वाचायला दिला म्हणे! आणि बूबा — चुलीपुढच्या साहित्याचे बूबा! — म्हणाले, पोरीला कान आहे. तुकुर मला म्हणाले, “मुलाखत जोड आणि दे. नियतकालिकाकडे मी स्वतः पाठवतो.”

बाहेर येऊन भिंतीला टेकले. दोन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं आणि मला ते ऐकवत नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काढलं. पूर्वार्धाच्या पुस्तकांवरच प्रबंध थांबवला.

मालमनी पानं उलटली, पुन्हा उलटली. “चौथं कुठंय?”

“काढलं, मालम. पुरावा अपुरा वाटला.”

“अपुरा? मी वाचलाय तो! बूबांनी वाचलाय! झुवैरा, त्या बाईनं काही धमकावलं का तुला?”

“नाही, मालम.”

“मग सांग ना!”

“सांगता येत नाही.”

ते खुर्चीतून उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, “स्वतःच्या हातानं गळा कापून घेतलास. का, तेही सांगत नाहीस. या विषयासाठी मी कुणाकुणाशी भांडलो, तुला कल्पना नाही.”

होती. ती होती म्हणूनच तर बोलवत नव्हतं.

हन्नेला सांगितलं, प्रकरण काढलं. तिनं काहीही न विचारता ताट पुढे केलं. जेवले. पोटभर.

१२ मार्च, गुरुवार

तोंडी झाली. बाहेरचे परीक्षक सोकोतोहून आलेले, चष्मा कपाळावर. पहिलाच प्रश्न — “लेखिका अजून लिहितेय. तुमचा अभ्यास मध्येच का थांबतो? हा निष्काळजीपणा नाही का?”

 मालम तुकुर टेबलाकडे बघत होते. बूबा माझ्याकडे.

“हो सर,” मी म्हटलं. “अपुरा आहे.”

“का?”

“तिथून पुढं वाचायला मी पुरी पडले नाही.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. उत्तीर्ण. साधी श्रेणी. जागा दुसऱ्या एका मुलाला मिळेल — जुन्या ग्रंथांवर काम केलंय त्यानं, चांगलं केलंय म्हणे. बाहेर बूबा गाठ पडले. या वेळी चूल काढली नाही. म्हणाले, “तुला कान आहे. तोंड कुठं हरवलं?” आणि निघून गेले.

२८ मार्च, शनिवार

उद्या वुदील. तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची सोय झालीय. निरोप घ्यायला याकासाईत गेले.

हाजिया फार वाळल्यात. मला ओळखलं नाही. पण पुस्तक बघितल्यावर म्हणाल्या, “ती धीट बाई वाच. परत न जाणारी.” वाचलं. हसल्या त्याच जागी. तबावाताई आज पडद्याआड नव्हती, माझ्या शेजारी बसून ऐकत होती. माझी श्रेणी तिला कळली होती, पुस्तकवाल्याकडून. काही बोलली नाही. जाताना कागदात बांधून खजूर दिले आणि माझा हात सोडेचना.

“ताई, बस जाईल.”

“जाऊ दे. दुसरी येते.”

७ एप्रिल, मंगळवार

हन्नेचा फोन. हाजिया लराई काल पहाटे गेल्या. रेडिओवर सांगितलं. हन्ने हुंदके देत होती, मला शब्द कळत नव्हते. मी वर्गात होते. मुलींना धडा पुढे वाचायला सांगितला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आता तिथं काय चाललं असेल? कुणी विचारलं तर तबावाताई काय सांगेल? मेलेल्या बाईची नवी पुस्तकं येत नाहीत.

१९ एप्रिल

फोन लावते, लागत नाही. काळजीनं परत जेवण बंद. अम्मा म्हणते, दृष्ट लागली.

१६ मे, शनिवार

तबावाताई आली! वुदीलला, बसनं, धाकट्याला घेऊन. हातात नवं पुस्तक, शाईचा वास अजून गेलेला नाही. वर नाव : तबावा लराई.

मी बघतच राहिले. म्हटलं, “ताई, हिंमत कशी झाली?”

“आईनं सांगितलं. जायच्या आदल्या सकाळी, अगदी साफ बोलली. म्हणाली, ‘पुढच्यावर तुझं नाव घाल गं. तुझं कौतुक मी किती दिवस खाऊ?’”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ‘माझ्यापेक्षा चांगली लिहिते’ असं त्या जे मोठ्यानं ओरडल्या, ते मला सांगत नव्हत्याच.

पुस्तक उलटून बघत मी विचारलं, “आता मालमना काय सांगू?”

ताई म्हणाली, “सगळं.”